पैसा कुणी द्यायचा?

फराळाचे डबे आता विमानाने जातात. आमच्या मुलुंडला दसरा झाला की कुरिअरच्या दुकानापुढे गर्दी दिसू लागते. चकलीचा चुरा होऊ नये म्हणून डब्यात कागदाचे बोळे कोंबणारी आई आणि चष्मा पुसून पुसून परदेशातला पत्ता लिहिणारे वडील, हे चित्र घाटकोपरला किंवा बोरिवलीलाही नवे राहिलेले नाही. ज्यांच्या घरून असा डबा जातो त्यांना वाटते, पोर जवळ असते तर किती बरे झाले असते! आणि ज्यांच्या घरून जात नाही त्यांना वाटते, आपल्याही घरून एखादा गेला असता तर! ह्या दुसऱ्या वाटण्यावर पुष्कळांची दुकाने चालली आहेत. म्हणून ह्या दिवाळीला आपल्या सदरात नेहमीच्या घरखर्चाऐवजी परदेशातल्या नोकरीचा हिशेब मांडावा म्हणतो.

आमच्या इमारतीत दोन मजले खाली नाना राहतात. भांडुपच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला सरळमार्गी माणूस. थोरल्या मुलीचे लग्न झाले आहे. धाकटी परिचारिकेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम करून घाटकोपरच्या एका इस्पितळात नोकरी करते. एका संध्याकाळी वहिनी फराळाची ताटली घेऊन वर आल्या. ताटलीखाली एक फाइल होती.

"भावजी, तुम्ही आयुष्यभर कागदच चाळलेत. हे एवढे बघता का? ह्यांना सांगू नका मी आले होते म्हणून."

फाइलीत इंग्लंडमधल्या एका वृद्धाश्रमाचे नेमणूकपत्र होते आणि सोनेरी शिक्क्याचे, जाड कागदाचे एक 'स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट'. अंधेरीला स्टेशनाजवळ काचेच्या केबिनीत बसणाऱ्या एका एजंटाने ते दिले होते. एकूण रक्कम चौदा लाख. पैकी दोन लाख देऊन झाले होते. उरलेल्या बारांसाठी नाना बँकेतली ठेव मोडणार होते आणि वहिनींच्या पाटल्या गहाण पडणार होत्या.

मी व्हिसाचा जाणकार नव्हे. पण दुसऱ्या दिवशी रविवार होता. नानांच्या लेकीला वर बोलावले, आणि तिच्याच मोबाइलवर आम्ही दोघे एकेक गोष्ट तपासत बसलो. त्या दोन तासांत जे कळले ते सर्वांच्या उपयोगाचे आहे.

पहिली गोष्ट एजंटाची. परदेशातल्या नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्याला आपल्याकडे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे सरकारी नोंदणी लागते. अशा नोंदणीकृत एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' ह्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. नोंदणीवाल्यानेही उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर एवढेच घ्यायचे, तेही पावती देऊन. आमच्या अंधेरीकराचे नाव यादीत नव्हते. त्याच्या पाटीवर 'कन्सल्टंट' असे लिहिले होते. सल्लागार सल्ला देतो. माणसे भरती करण्याचा परवाना ही वेगळी गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट त्या सोनेरी कागदाची. इंग्लंडात परदेशी माणूस कामावर घ्यायचा तर मालकाला तिथल्या सरकारचा स्पॉन्सर-परवाना लागतो. परवाना असलेल्या मालकांची यादी सरकारच प्रसिद्ध करते. त्यात वृद्धाश्रमाचे नाव सापडले तेव्हा पोरीचा चेहरा उजळला. पण मालकाने दिलेले सर्टिफिकेट ही चौकटीत लावायची वस्तू नसते. संगणकातली ती एक नोंद असते आणि उमेदवाराला मिळतो तो तिचा क्रमांक. सोनेरी शिक्क्याच्या कागदावर असा क्रमांक कुठेच नव्हता. खऱ्या संस्थेचे नाव खोट्या कागदावर छापायला कितीसा वेळ लागतो?

तिसरी गोष्ट कामाची. नेमणूक परिचारिकेची नव्हती, 'केअर वर्कर'ची म्हणजे वृद्धांच्या मदतनिसाची होती. ह्या कामासाठी बाहेरदेशातून नवी माणसे घेणे इंग्लंडने २२ जुलै २०२५ पासून बंद केले आहे. दार बंद, आणि एजंट तिकिटे विकतो आहे!

"पण काका," ती म्हणाली, "ते म्हणतात, पैसे मालकालाच पोचवावे लागतात. तिकडची फीच तेवढी आहे."

वाचकहो, इथेच सारी मेख आहे. स्पॉन्सर हा शब्द आपल्याला क्रिकेटच्या सामन्यांमुळे चांगला ठाऊक आहे. जो पैसा घालतो तो स्पॉन्सर. मालकाला माणसाची गरज असते, म्हणून तो परवाना काढतो, सर्टिफिकेटची फी भरतो, कौशल्य-कर भरतो. परवान्याचा आणि सर्टिफिकेटचा खर्च कामगाराकडून वसूल करायला इंग्लंडच्या नियमांत मनाई आहे. आरोग्यसेवेतल्या भरतीसाठी तिथे आचारसंहिता आहे. नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसा घ्यायचा नाही असे तीही सांगते. आपण द्यायचे ते आपले स्वतःचे: पासपोर्ट, भाषेची परीक्षा, क्षयरोगाची तपासणी, व्हिसाची फी. जो मालक आपल्यासाठी खर्च करतो त्याला आपण हवे असतो; जो आपल्याकडूनच पैसे मागतो त्याला आपले पैसे हवे असतात.

आणि समजा, पैसे देऊन खरोखरच व्हिसा मिळाला, तरी? जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ ह्या काळात इंग्लंडने एकट्या ह्या सेवाक्षेत्रातल्या ४७० हून अधिक मालकांचे परवाने रद्द केले. मालकाचा परवाना गेला की कामगाराला साधारण ६० दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधावा लागतो, नाहीतर परत फिरावे लागते. कर्ज काढून गेलेली मुलगी अशा वेळी पगार बुडाला तरी तक्रार करायला धजत नाही. तिची दोरी मालकाच्या हाती असते आणि दोरीचे दुसरे टोक मुलुंडच्या गहाण पडलेल्या पाटल्यांना बांधलेले असते.

ही दोरी मोठ्या पगाराच्या नोकरीलाही चुकत नाही. अंधेरीच्या सीप्झमधून संगणकाची कितीतरी मुले अमेरिकेला गेली. तिथल्या एच-१बी व्हिसासाठीही अर्ज करायचा असतो तो मालकाने. सर्वसाधारण ६५,००० जागा, अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांना आणखी २०,०००. अर्ज जास्त, म्हणून निवड चिठ्ठ्यांवर. नोकरी सुटली तर सवलत तिथेही ६० दिवसांचीच. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर मालकाने एक लाख डॉलर भरावेत असे फर्मान निघाले आणि सूटकेस भरून बसलेल्या मुलांचे बेत रात्रीत बदलले. इंग्लंडात कुशल कामगाराच्या पगाराची सर्वसाधारण किमान अट एप्रिल २०२४ मध्ये वर्षाला ३८,७०० पौंड झाली आणि पुढल्या वर्षीच्या जुलैत ४१,७०० पौंड. तेव्हा शेजारच्या मुलाला तीन वर्षांपूर्वी जमले ते आपल्याला तसेच जमेल, असे धरून चालू नये. निघण्याच्या आठवड्यात नियम पुन्हा वाचावा, आणि तो त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच वाचावा.

संध्याकाळी मी खाली गेलो. नानांनी सगळे मुकाट्याने ऐकले. मग म्हणाले, "दोन लाख गेलेत हो माझे. आता मागे फिरलो तर तेही गेले. आणि इमारतीत सगळ्यांना सांगून बसलोय."

मला उत्तर सुचेना. उत्तर दिले ते मुलीने. ती म्हणाली, "बाबा, दोन लाख मी दोन वर्षांत फेडीन. चौदा मला तिथे जाऊन फेडता आले नसते. आणि तुम्हाला खरे सांगताही आले नसते."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. नाना उठले आणि त्यांनी बँकेची पावती कपाटात परत ठेवली.

दोन लाखांसाठी त्यांनी पोलिसांत तक्रार दिली, आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात उत्प्रवासी संरक्षकांचे कार्यालय आहे, तिथेही अर्ज केला. पैसे परत येतील तेव्हा येतील. पण अर्ज करताना नाना एक वाक्य बोलले ते लिहून ठेवण्यासारखे आहे. "लाज मला वाटायला नको, त्याला वाटायला हवी."

मग मुलीने जाऊच नये काय? तसे मुळीच नाही. परिचारिकेला जगात मान आहे आणि मागणीही आहे. इंग्लंडला परिचारिका म्हणूनच जायचे तर तिथल्या परिचारिका-परिषदेची नोंदणी लागते: इंग्रजीची परीक्षा, संगणकावरची परीक्षा आणि तिथे पोचल्यावर प्रात्यक्षिक. जर्मनीला जायचे तर आपल्या शिक्षणाला तिथली मान्यता मिळवायची आणि भाषा चांगली बी-१, बी-२ पर्यंत शिकायची. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग ह्या जर्मन राज्याशी कुशल माणसे पाठवण्याचा करार केला. करार झाला म्हणजे आपली नेमणूक झाली असे नव्हे. पण गरज तिकडेही आहे एवढे त्यावरून दिसते. ह्या वाटेला वेळ लागतो. मात्र घातलेला पैसा विद्येत जातो, आणि व्हिसा नाही मिळाला तरी विद्या घरात राहते.

नानांची लेक आता जर्मन शिकते आहे. रात्रपाळीहून सकाळच्या लोकलने परतताना ती पुटपुटत शब्द पाठ करते, आणि समोरच्या बाईला वाटते, पोरगी स्तोत्र म्हणते आहे! परवा वहिनी पुन्हा ताटली घेऊन वर आल्या. ह्या वेळी ताटलीखाली फाइल नव्हती.

"भावजी, पुढल्या दिवाळीला डबा पाठवायचा योग येईल का हो?"

"येईल किंवा त्यापुढल्या," मी म्हणालो. "तोवर चकल्या इथेच खाऊ."

आपल्या घरीही अशी एखादी फाइल ताटलीखाली दडलेली असेल, तर ह्या चार दिवसांत ती बाहेर काढा. सगळे एकत्र बसा आणि एकच प्रश्न विचारा: ह्यात पैसा कुणी द्यायचा आहे? दिवाळी सर्वांना सुखाची जावो.