विजेचा स्क्रू-ड्रायव्हर घेताना

दिवाळीची आवराआवर म्हणजे घरातल्या मुक्या वस्तूंचे संमेलनच. माळ्यावरून आणि खणांतून एकेक मंडळी बाहेर येतात. बटणे रुसलेला रिमोट, एका चाकावर लंगडणारी खेळण्यातली मोटार, तोंड न उघडणारा ट्रान्झिस्टर! यातल्या पुष्कळांचे दुखणे किरकोळ असते. कुठे एखादी तार सुटलेली, तर कुठे गळक्या सेलने पट्टी गंजलेली. पण ते पाहायला झाकण उघडावे लागते आणि झाकणावर दीड-दोन मिलिमीटरचे स्क्रू पहारा देत असतात. त्यांच्यासाठी पेनाएवढा, बॅटरीवर चालणारा स्क्रू-ड्रायव्हर आता सर्रास मिळतो. "यंदा पाडव्याला तो घरात आणावा म्हणतो, कोणता घ्यावा?" असे विचारणारे पुष्कळ भेटतात.

मिक्सर किंवा पंप घेताना आपण 'जोर किती?' असे विचारतो. इथे तोच प्रश्न उलट्या हेतूने विचारावा. पिळण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात व तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. एक सेंटीमीटर लांबीच्या आडव्या दांडीच्या टोकाला एक किलो साखरेची पिशवी टांगली, तर दांडीला जो पीळ बसेल तो सुमारे ०.१ न्यूटन-मीटर. सुताराच्या बॅटरीवरच्या ड्रिलचा जोर सहज तीस न्यूटन-मीटरपर्यंत जातो. रिमोटच्या प्लॅस्टिकमधला स्क्रू त्याच्या हाती दिला, तर पापणी लवायच्या आत आटे गेलेच म्हणून समजा. पेनासारख्या यंत्रांवर ०.०५, ०.१५, ०.२ असे आकडे असतात; ते आपल्या कामाचे. जोर कमी-जास्त करण्याची दोन-तीन टप्प्यांची सोय असेल तर फारच उत्तम.

खोक्यावर '३ न्यूटन-मीटर' असा मोठा आकडा दिसला, तर तो मोटरचा की हाताचा, हे दुकानदाराला जरूर विचारावे. बहुधा तो हाताचा असतो. मोटर बंद असताना दांडा जागीच अडकतो आणि यंत्र साध्या स्क्रू-ड्रायव्हरसारखे हाताने फिरवता येते, तेव्हा ते किती पीळ सोसेल याचा तो आकडा. ही सोय मात्र हवीच. कारण घट्ट बसलेल्या स्क्रूची पहिली पाव फेरी हातानेच द्यायची असते, आणि बसवताना शेवटचा पीळही हाताचाच. मधल्या फेऱ्या यंत्राच्या. दोन मिलिमीटर जाडीच्या सर्वसाधारण स्क्रूचे आटे ०.४ मिलिमीटर अंतरावर असतात. म्हणजे पाच मिलिमीटर आत जायला बारा-तेरा फेऱ्या. मिनिटाला दोनशे फेरे घेणारे यंत्र ते काम चार सेकंदांत उरकते. लॅपटॉपच्या तळाचे दहा स्क्रू काढताना मनगट केवढे वाचते, ते दहावा स्क्रू सांगेल!

यंत्रापेक्षाही बारकाईने पाहायची ती त्याची टोके, म्हणजे बिटे. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे हेन्री फिलिप्स यांना १९३६ साली चौफुलीच्या खाचेच्या स्क्रूची पेटंटे मिळाली. त्यांच्याच नावाची ती खाच आज घरोघर आहे. नाजूक कामाला पीएच ०००, ०० आणि ० ही तीन मापे लागतात. टोक एका मापाने लहान पडले की घसरते, खाच खरवडते, आणि खाच गेलेला स्क्रू म्हणजे किल्ली हरवलेले कुलूप. आतले दुखणे दोन मिनिटांचे असले तरी ती वस्तू भंगारात जाते. घड्याळ साधेसे असेल, पण ते आजोबांचे असले तर? जुन्या जपानी कॅमेऱ्यांची चौफुली फिलिप्ससारखी दिसते, पण तिचा घाट निराळा. तिला जपानी मापाचेच टोक लावावे. सहा टोकांच्या चांदणीचे टॉर्क्स, आयफोनच्या तळाशी असणारे पाच पाकळ्यांचे, तीन पात्यांचे, अशी पाहुणे मंडळीही असतात. तरी साठ बिटांचा डबा पाहून भुलू नये. वीस चांगली बिटे पुरतात. नाहीतर नाकापेक्षा मोती जड! बिटांचा दांडा चार मिलिमीटरचा षटकोनी असावा. तो सर्रास मिळतो, त्यामुळे एखादे बिट झिजले तर तेवढेच बदलता येते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ चक्कर टाकली, तर यंत्र हातात घेऊन पाहता येते. जाताना बंद पडलेला रिमोट पिशवीत टाका. बिट बसवून यंत्र फिरवा; टोक डगडगत असेल तर ते यंत्र परत ठेवा. उलट-सुलट फिरवायची बटणे अंगठ्याखाली सहज येतात का, टोकाला लोहचुंबक आहे का, चार्जिंगला फोनचीच टाइप-सी वायर चालते का, तेही पाहा.

वापरतानाची एक युक्ती मुलांनाही शिकवावी. स्क्रू परत बसवताना आधी तो उलटा फिरवावा. 'टक्' असे जाणवले की जुने आटे जुळले. मग सुलटा फिरवावा. काढलेले स्क्रू कागदावर त्यांच्या जागेप्रमाणे मांडावेत. आखूड स्क्रूच्या जागी लांब गेला, तर खालचे सर्किट फुटू शकते. प्लगची वस्तू प्लग काढूनच उघडावी. मायक्रोवेव्ह ओव्हन मात्र मुळीच उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातला कपॅसिटर जीवघेणा झटका देऊ शकतो. फुगलेल्या मोबाइल बॅटरीलाही टोक लावू नये.

शेवटी खिशाची गोष्ट. वर्षातून तीन-चारदाच काही उघडायचे असेल, तर हाताचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणि चांगली बिटे एवढ्यावर उत्तम भागते. घरात आठवड्याला काहीतरी खोलून बसणारी मुलगी किंवा मुलगा असेल, तर विजेचा जरूर घ्या. फटाक्यांचे पैसे त्यात घातलेत, तर पुढच्या दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची दोन-चार मंडळी बोलकी झालेली असतील.