तीन आणि तेरा

आमच्या भाईंदर पश्चिमेच्या सोसायटीची इतिवृत्ताची वही कुठेही उघडा. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. टाकीची दुरुस्ती असो की पुनर्विकासासाठी सल्लागार नेमणं असो, वहीत कुणाचाच विरोध सापडत नाही. सभेनंतर जिन्यात मात्र वेगळं ऐकू येतं. "मला पटलं नव्हतं हो, पण तिथे कोण वाद घालणार?" मी या सोसायटीच्या कमिटीवर आहे आणि नोकरीत एका सॉफ्टवेअर टीमची स्क्रम मास्टर, म्हणजे टीमच्या बैठका आणि कामाची पद्धत सांभाळणारी आहे. समोरचा गप्प बसला म्हणजे त्याची संमती आहे असं धरून चालायची ही सवय दोन्हीकडे सारखीच आहे. कंप्युटरच्या कामात तिची किंमत लवकर कळते, एवढाच फरक.

मीरा-भाईंदरमधून रोज सकाळी लोकलने मालाड-गोरेगावला आणि घोडबंदरमार्गे ठाणे-ऐरोलीला जाणाऱ्यांत 'अजाइल' पद्धतीने काम करणारे पुष्कळ जण आहेत. दोनेक आठवड्यांच्या कामाचा एक तुकडा, तो स्प्रिंट. रोजची पंधरा मिनिटांची छोटी बैठक, ते स्टँडअप. ते कित्येक जण प्लॅटफॉर्मवरच कानात इअरफोन घालून उरकतात. आणि काम हातात घेण्याआधी ते समजून घेण्यासाठी बसायचं, ते ग्रूमिंग. फेब्रुवारी २००१मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे १७ जणांनी जमून या विचाराचा छोटा जाहीरनामा लिहिला, तेव्हा त्यांनी साधनं आणि कार्यपद्धती यांच्यापेक्षा माणसं आणि त्यांचा आपसातला संवाद यांना वरचं स्थान दिलं होतं. आज साधनं भरपूर आहेत. संवादाची वेळ मात्र घड्याळ लावून कापली जाते, आणि सगळ्यात आधी कात्री लागते ती ग्रूमिंगला.

एक उदाहरण सांगते. काम आलं एका ओळीचं: ग्राहकाला आपला मोबाइल नंबर बँकेच्या ॲपवरून बदलता आला पाहिजे. प्रॉडक्ट ओनरने, म्हणजे काय बनवायचं ते ठरवणाऱ्याने, वाचून दाखवलं, "क्लिअर आहे ना सगळ्यांना?" असं विचारलं, आणि स्क्रीनवर अंगठ्यांची रांग लागली. नेहमीसारखं तिथेच थांबलो असतो तर ते काम स्प्रिंटमध्ये गेलं असतं. पण आम्ही अंदाजाचे पत्ते काढतो. काम किती मोठं वाटतं त्यानुसार प्रत्येकाने १, २, ३, ५, ८, १३ यांपैकी एक आकडा निवडायचा आणि सगळ्यांनी एकदम उघडायचा. सीनिअर डेव्हलपरने ३ दाखवला. टीममधल्या सगळ्यात नव्या टेस्टरने १३.

सीनिअरच्या डोळ्यांपुढे एक फॉर्म होता: नवा नंबर टाका, जुन्या नंबरवर ओटीपी येईल, तो भरा, झालं. टेस्टर मुलगी जरा अडखळत म्हणाली, "सर, माझ्या आईचा फोन मीरा रोडला गाडीत चढताना मारला. सिमच गेलं. मग जुन्या नंबरवरचा ओटीपी तिला मिळणार कसा? आणि ज्याच्या हातात तो फोन पडलाय, त्याने आधी नंबर बदलून घेतला तर?" कॉलवर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग प्रॉडक्ट ओनर म्हणाला, की अशा वेळी शाखेत जाऊन ओळख पटवून द्यावी लागेल, असं त्याने गृहीतच धरलं होतं. म्हणजे एका ओळीचे तीन अर्थ घेऊन आम्ही सगळे 'क्लिअर' होतो.

पत्त्यांची ही पद्धत जेम्स ग्रेनिंग यांनी २००२मध्ये मांडली. पुष्कळ टीम तिचा उपयोग फक्त आकडा मिळवायला करतात: ३ आणि १३ आले की मधला ८ लिहायचा आणि पुढच्या कामाकडे वळायचं. हे मला अजिबात मान्य नाही. ८ हा आकडा त्या कॉलवर कुणाच्याच मनात नव्हता. पत्ते एकदम उघडायचे ते नव्या माणसाने साहेबाचा आकडा बघून आपला बदलू नये म्हणून, आणि सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा दाखवणाऱ्या दोघांना आधी बोलू द्यायचं असतं. आपल्याकडे तर याची गरज जास्त. "सर बरोबरच म्हणतायत" म्हणायची सवय आपल्याला शाळेपासून लागलेली असते, आणि अप्रेझल त्याच सरांच्या हातात असतं.

एकमत कसं घडवायचं हे शिकायला युटापर्यंत जायला नको. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे शंभरेक घरांचं गोंड आदिवासींचं गाव आहे. तिथली ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सर्वसहमतीने घेते. कुणाला पटलं नसेल तर विषय पुढच्या बैठकीत येतो, पुन्हा चर्चा होते. वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते आहे. मिलिंद बोकील यांनी 'गोष्ट मेंढा गावाची' या पुस्तकात या गावाची वाटचाल लिहिली आहे. मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटते ती अभ्यास गटांची रीत. अभ्यास गटात विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकारांनाही विचारायचं (मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांपैकी एक होते), शंका काढायच्या. निर्णय तिथे घ्यायचा नाही. निर्णय घेणार ग्रामसभा. विषय समजून घेताना कुणाला जिंकायचं नसतं, त्यामुळे अडाणी वाटणारा प्रश्नही निर्धास्त विचारता येतो.

आम्ही ऑफिसात याच्या नेमकं उलट करतो. एकाच अर्ध्या तासात समजायचं, अंदाज द्यायचा आणि होही म्हणायचं. वर, ऑफिसात असलेले चौघं कॉल संपल्यावर चहा पिता पिता काहीतरी ठरवतात आणि मीरा रोडच्या फ्लॅटमधून काम करणाऱ्याला ते दोन दिवसांनी तिकिटावर, म्हणजे त्या कामाच्या ऑनलाइन नोंदीत, वाचायला मिळतं. माझ्या टीमपुरते मी दोन नियम केले आहेत. समजून घ्यायची बैठक एका दिवशी, ठरवायची दुसऱ्या दिवशी. आणि कुणाचा आक्षेप राहिलाच तर तो कारणासकट तिकिटावर लिहायचा. सोसायटीच्या सभेत "माझा विरोध नोंदवा" म्हणता येतं, तसं इथेही म्हणता आलं पाहिजे.

प्रत्येक गोष्टीला सर्वसहमती लागते असं मी म्हणत नाही. बटणाचा रंग एकाने ठरवला तरी चालतो, उद्या बदलता येतो. लोकांचे पैसे, त्यांची माहिती आणि त्यांची ओळख यांचं तसं नसतं. आणि सर्वसहमतीचाही जाच होऊ शकतो, हे मला ठाऊक आहे. एकटा अडून बसला की बाकीचे त्याच्याकडे घड्याळ दाखवत बघतात आणि तो शेवटी थकून हो म्हणतो. तसा हो घेण्यापेक्षा बहुमताने ठरवावं आणि त्याचा विरोध लिहून ठेवावा, हे जास्त प्रामाणिक.

यावर मॅनेजर मंडळींचं उत्तर ठरलेलं असतं: क्लायंट बोलण्याचे पैसे देत नाही, कोडचे देतो. मग करार करतानाच हे बोला. समजून घेण्याचे तास त्यांच्याच नावाने बिलात लावा, टेस्टिंगच्या किंवा मीटिंगच्या रकान्यात दडवू नका. नंबर बदलण्याचं ते काम आम्ही दोन तुकड्यांत केलं. सिम हातात असलेल्यांचा भाग त्याच स्प्रिंटमध्ये गेला. सिम हरवलेल्यांच्या भागासाठी शाखेतल्या काउंटरवर बसणाऱ्या दोघांना कॉलवर बोलावलं. त्यांनी तासाभरात असे चार प्रकार सांगितले जे आमच्यापैकी कुणालाच सुचले नव्हते. तो तास बिलात लावायला मला परवानगी मिळाली नाही. पुढच्या कराराच्या बोलणीत मी तो मुद्दा पुन्हा मांडणार आहे, आणि या वेळी एकटीने नाही, अख्ख्या टीमच्या सह्या घेऊन.