खालच्या काकूंच्या कुरडया

मुलांनो,

या आठवड्याच्या टपालात एक पत्र आलं. लिहिणारा सातवीत आहे. नाव-गाव छापू नका, असं त्यानं स्वतःच लिहिलंय, म्हणून छापत नाही. पत्र छोटंसंच आहे :

"बाई, आमच्या वाड्यात चार मांजरं आहेत. ती कुणाचीच नाहीत. मी त्यांना रोज दूध-पोळी घालतो. पण समोरचे आजोबा फार चिडतात. परवा म्हणाले, एक दिवस सगळी पोत्यात भरून नदीपलीकडे सोडून येतो. मग मीपण त्यांना उलट बोललो. आता आईसुद्धा माझ्यावर रागावली आहे. मी तर चांगलंच काम करतोय ना? मग माझं काय चुकलं?"

पत्र वाचलं आणि मी जरा वेळ गप्पच बसले. कारण ते पोतं माझ्या ओळखीचं आहे. आज तीच गोष्ट सांगते. तिच्यात मी काही फार शहाणी ठरत नाही, पण सांगितलीच पाहिजे.

आमची इमारत डोंबिवलीतली. जुनी, तीन मजली, बारा बिऱ्हाडांची. सहा-सात वर्षांपूर्वी जिन्याखाली एक मांजरी येऊन राहिली. रंग अगदी बेकरीतल्या खारीसारखा, म्हणून मी तिचं नाव ठेवलं खारी. कोळीण आली की बांगड्याची डोकी मी तिच्यासाठी बाजूला काढायची आणि कागदावर घालून जिन्यातच ठेवायची. खारी मिशा पुसत जेवायची. इमारतीतली मुलं गोळा व्हायची. मला अगदी धन्य धन्य वाटायचं!

वर्षभरात खारीची झाली पाच मांजरं. मीही पाच कागद मांडू लागले.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू राहतात. उन्हाळ्यात त्या ऑर्डरीच्या कुरडया करतात. कुरडया म्हणजे काही सोपं काम नव्हे बरं का! गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो शिजवायचा, भल्या पहाटे सोऱ्यातून घालायचा आणि उन्हात वाळवायचा. एका सकाळी काकूंनी अंगणात दोन बाजा भरून कुरडया घातल्या. तासाभरानं बघतात तो काय, एका बाजेवर मांजरांचा खेळ रंगलेला! सगळ्या कुरडया तुडवलेल्या. फेकूनच द्याव्या लागल्या.

काकू वर आल्या. म्हणाल्या, "बाई, तुमची मांजरं आवरा."

काकू एरवी मला अगं-तुगं करतात. त्या दिवशी 'तुम्ही' म्हणाल्या. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "माझी कुठं आहेत? भटकी मांजरं आहेत ती!"

पाहा बरं, काय वाक्य होतं ते! नाव ठेवताना, जेवू घालताना मांजरं माझी. आणि नुकसान केलं की कुणाचीच नाहीत. मांजर डोळे मिटून दूध पितं, असं आपण म्हणतो. इथे मांजराचे डोळे उघडे होते. मिटले होते ते मी.

त्यानंतर काकू माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मीही बोलले नाही. उलट हट्टानं दोन डोकी जास्तच घालू लागले.

पावसाळ्यात खारीला पुन्हा पिल्लं झाली. चार. ती तीन आठवड्यांची असताना एका संध्याकाळी मी शाळेतून आले, तर जिन्याखाली पिल्लं केकाटतायत आणि खारीचा पत्ता नाही. मुलांनी सांगितलं, दुपारी कुणीतरी तिला पोत्यात घालून खाडीकडे नेलं. कुणी नेलं, ते मला आजही ठाऊक नाही. मी खाडीपर्यंत दोन संध्याकाळी हाका मारत फिरले. खारी काही सापडली नाही.

पिल्लांना घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेले. गाईचं दूध त्यांना बाधतं म्हणून त्यांनी मांजरांच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर दिली. दर तीन-चार तासांनी ती पाजायची. रात्रीसुद्धा. चारातली दोन वाचली.

त्या रात्री जागताना एक गोष्ट लख्ख कळली. भांडण झालं माणसांचं आणि शिक्षा झाली मांजराला. मी खारीला रोज जेवू घातलं, पण तिला वाचवू शकले नाही. कारण मी घरी नसताना तिच्या बाजूनं बोलेल असं इमारतीत एकही मोठं माणूस मी ठेवलं नव्हतं.

रविवारी मी काकूंकडे गेले. मनात भांडण होतं, खोटं कशाला सांगू! पण दारात उभी राहिले आणि तोंडातून निघालं, "काकू, त्या कुरडयांचं तुमचं किती नुकसान झालं हो?"

काकू थोडा वेळ माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "आत ये. बाहेर काय उभी राहतेस!"

अर्धा तास त्या बोलत होत्या आणि मी ऐकत होते. शाळेत बडबड करायची सवय ना, ऐकायला जरा कठीणच गेलं! पण ऐकलं. त्यांच्या तक्रारी चार होत्या. एक, कुरडया. दोन, तुळशीच्या आणि बाकीच्या कुंड्यांत मांजरं घाण करतात. तीन, जिन्यातल्या मासळीच्या वासानं आणि मांजरांच्या केसांनी त्यांच्या दम्याच्या नातवाला त्रास होतो. चार, रात्री बोके ओरडतात, झोप लागत नाही.

शेवटी त्या म्हणाल्या, "मांजरांना घालू नकोस, असं मी कधी म्हटलं का गं? माझ्या दारात नको, एवढंच म्हणत होते."

मुलांनो, चारांपैकी एकही तक्रार 'मला मांजरं नकोत' अशी नव्हती. आणि चारही तक्रारींवर उपाय होता.

सगळ्यात आधी मी जागा बदलली. जिना सोडला आणि मागच्या पंपाच्या खोलीजवळचा कोपरा धरला. वेळही ठरवली, सकाळी साडेसहा. वीस मिनिटांनी ताटल्या उचलायच्या आणि जागा धुऊन टाकायची. उरलंसुरलं तसंच राहिलं की झुरळं, उंदीर, कावळे येतात आणि नाव मात्र मांजराचं होतं! पुढे केंद्र सरकारनं 2023 साली प्राणी जन्मनियंत्रणाचे नियम केले. त्यांतही भटक्या प्राण्यांना खाऊ घालायची जागा जिने, येण्याजाण्याची दारं आणि मुलांची खेळायची जागा यांपासून शक्य तितकी दूर असावी, असं सांगितलंय.

मग कुंड्या. मांजराला मऊ, कोरडी माती उकरून तिच्यात घाण झाकायची सवय असते. त्याला बिचाऱ्याला तुळस काय कळणार! मी मागच्या कोपऱ्यात जुन्या घमेल्यात वाळू भरून ठेवली. ती साफ करायचं काम माझं. काकूंच्या कुंड्यांतल्या मातीवर आम्ही नारळाच्या करवंट्या आणि खडी पसरली. उकरायला जागाच उरली नाही, तेव्हा मांजरं आपोआप घमेल्याकडे वळली. काही लोक अशा ठिकाणी फिनेल ओततात किंवा डांबराच्या गोळ्या टाकतात. तसं कधी करू नका. ही दोन्ही मांजरांना विषारी असतात.

कुरडयांसाठी मी एक जुनी मच्छरदाणी दिली. चार काठ्या बांधून ती बाजेवर ताणली. मांजरं थांबली, कावळेही थांबले. काकू म्हणाल्या, "हे आधी का नाही सुचलं?" मी काय बोलणार!

आता रात्रीचा आरडाओरडा. त्यासाठी एक गणित करा. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की तिला पिल्लं होऊ शकतात. पिल्लं पोटात जेमतेम दोन महिने असतात. समजा, वर्षातून दोनदा पिल्लं झाली आणि दर वेळी चार. म्हणजे एका मांजरीची वर्षात आठ. त्यांतल्या निम्म्या मांजरी धरल्या, तर पुढच्या वर्षी किती? करा आकडेमोड! अर्थात सगळी पिल्लं जगत नाहीत. कितीतरी गाडीखाली जातात, कितीतरी आजारानं मरतात. म्हणजे नुसतं खायला घालणं ही अर्धीच दया झाली. उरलेली अर्धी म्हणजे नसबंदीचं ऑपरेशन. एका प्राणिमित्र संस्थेची माणसं पिंजरा घेऊन आली. इमारतीतून वर्गणी काढली. काकूंनीही दिली, तीही न मागता! मांजरं बेशुद्ध असतानाच डॉक्टर ओळखीसाठी त्यांच्या कानाचं टोक किंचित कापतात. असं कान कापलेलं मांजर दिसलं तर समजा, त्याचं ऑपरेशन झालंय. ऑपरेशन झालं की बोक्यांची भांडणं आणि ओरडणं पुष्कळ कमी होतं. आमच्याकडे रात्री शांत झाल्या.

आता माझ्या सातवीतल्या मित्रासाठी.

बाळा, तुझी दया खरी आहे. चुकलं एवढंच की तू मांजरांकडे पाहिलंस आणि आजोबांकडे पाहायचं राहून गेलं. आईला बरोबर घे आणि आजोबांकडे जा. आधी उलट बोलल्याबद्दल माफी माग. मग विचार, "आजोबा, मांजरांचा तुम्हाला नेमका काय त्रास होतो?" आणि मग मधे न बोलता ऐक. ते रागावतील, चार शब्द जास्तच बोलतील. बोलू देत. जे तुला जमण्यासारखं असेल ते त्याच दिवसापासून कर. जे जमणार नाही ते 'जमेल' म्हणू नकोस. जागा झाडून काढण्यासारखी गोष्ट तर तू आजच करू शकतोस.

ते पोत्याचं बोलतील, तेव्हा शांतपणे सांग की पोत्यानं प्रश्न सुटत नाही. इथली मांजरं गेली की रिकाम्या जागेत दुसरी येतात, आणि त्यांचं ऑपरेशनही झालेलं नसतं. नेलेलं मांजर घर शोधत रस्त्यावर येतं, नाहीतर नव्या जागेतली मांजरं त्याला हुसकावून लावतात. एखाद्या प्राण्याला उपाशी-तहानेलं तडफडायला सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हाही आहे. पण हे शेवटचं वाक्य खिशातच ठेव. शेजाऱ्याशी बोलायची सुरुवात कायद्यानं केली, की पुढचं बोलणं तिथेच संपतं.

आणखी तीन गोष्टी. मोठ्या मांजरांना दूध बहुतेक वेळा पचत नाही, पोट बिघडतं. मग घाण जास्त आणि आजोबांचा रागही जास्त! मांजर मुळात मांसाहारी. त्याला उकडलेली मासळी, अंडं किंवा चिकन दे. मीठ-मसाला, कांदा-लसूण मुळीच नको. घरी चालत नसेल, तर दुकानात मांजरांचं तयार खाणं मिळतं. पाणी मात्र रोज स्वच्छ हवं. दुसरी गोष्ट, भटक्या मांजराला स्वतः पकडायला जाऊ नकोस. चावलं किंवा ओरखडलं, तर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धू, घरी सांग आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मांजरापासूनही रेबीज होऊ शकतो. लपवाछपवी अजिबात नको. तिसरी, गावाला जाणार असशील, तर तुझ्यामागे मांजरांचं कोण बघणार, ते आधी ठरव.

खारीची वाचलेली दोन पिल्लं आता मोठी, कान कापलेली मांजरं झाली आहेत. काकूंना मांजरं आजही आवडत नाहीत. जवळ आली की "हाड्" करतात. गेल्या वर्षी वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं. त्यांनी एका माणसाला पोतं घेऊन बोलावलं. मी शाळेत होते. काकू जिन्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ती आमच्या इमारतीची मांजरं आहेत. बाई बघतात त्यांचं. काही त्रास असेल तर संध्याकाळी बाई आल्या की बोला." माणूस रिकामं पोतं घेऊन परत गेला.

संध्याकाळी मी त्या नव्या बिऱ्हाडाकडे गेले. वही घेऊनच गेले. त्यांची एकच तक्रार निघाली, स्कूटरची सीट मांजरं ओरबाडतात. सीटवर घालायला जाड गोणपाटाचं कव्हर दुसऱ्याच दिवशी शिवून दिलं.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या घरातल्या कुठल्या गोष्टीचा शेजाऱ्यांना त्रास होतो, ते आपणहून जाऊन विचारा. मांजर नसेल तर टीव्हीचा आवाज असेल, क्रिकेटचा चेंडू असेल! उत्तर वहीत लिहा आणि त्यातली एक गोष्ट आठ दिवसांत दुरुस्त करा. काय झालं, ते मला पत्रानं कळवा.

आणि सातवीतल्या मित्रा, आजोबा काय म्हणाले, ते नक्की लिही. मी वाट बघते.

तुमच्या
बाई