काळ्या रानातलं मैदान

नाचता येईना अंगण वाकडे, असं आपण पोरांना ऐकवतो. पण काळ्या रानातल्या गावात उन्हाळ्यात शाळेमागचं मैदान पाहिलं, की पोरांना बोल लावता येत नाही. अंगण खरंच वाकडं असतं. मध्ये फुगलेलं, कडेला खचलेलं, सिमेंट टाकलं असेल तर आडवं-उभं तडकलेलं. तडकलेल्या कडेवर पाय मुरगळतो तो पोराचा आणि पैसा जातो तो गावाचा.

दोष मातीचा म्हणावा, तर माती आपला गुण लपवत नाही. काळ्या जमिनीचा स्वभाव शेतकऱ्याला नव्याने सांगायची गरज नाही. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, वैशाखात आटून भेगाळते, भेगेत कोपरापर्यंत हात जातो. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं, ते पाणी धरतं आणि सोडतं. कापसाला, ज्वारीला हाच गुण लाभतो, मैदानाला तोच मारक ठरतो. काळ्या रानात घर बांधताना आपण पाया खोल घेतो, मग मैदान करताना गवत खरवडून चार इंच काँक्रीट का ओततो? मुरमाड गावासाठी केलेलं अंदाजपत्रक काळ्या रानातल्या गावाला जसंच्या तसं लावलं, तर दुसरं काय होणार?

आमचं म्हणणं सरळ आहे. गावाला आधी सिमेंटचं नव्हे, मुरमाचं मैदान हवं. कबड्डी, खो-खो आणि व्हॉलीबॉल हे तिन्ही खेळ आपण मातीवरच खेळत आलो. २०१४ पासून प्रो कबड्डी मॅटवर दिसते म्हणून गावानेही मॅट किंवा फरशी धरावी, असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. त्यात पुरुष आणि महिला या दोन्ही गटांत भारत जिंकला आणि दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते. अशी पोरं-पोरी गावोगाव घडायची, तर पायाखाली सरळ जमीन एवढं तरी आपण द्यायला हवं.

आता हिशेब पाहू. व्हॉलीबॉलचं मैदान १८ बाय ९ मीटर असतं. चहूबाजूंनी ३ मीटर मोकळी जागा धरली, तर २४ बाय १५ मीटर लागतात. त्यातच १३ बाय १० मीटरचं कबड्डीचं मैदानही बसतं. खो-खोला मात्र २७ बाय १६ मीटर आणि वर मोकळी जागा लागते, म्हणून त्याचा वेगळा विचार करावा.

या २४ बाय १५ मीटर जागेतली काळी माती एक फूट काढावी आणि तिथे दीड फूट मुरूम भरावा, म्हणजे मैदान भोवतालच्या जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच राहील. दाबून बसलेला मुरूम सुमारे ५८ ब्रास होतो. मुरूम दबतो हे धरून ७० ब्रास तरी आणावा लागेल. मुरूम गौण खनिज आहे, तेव्हा तहसील कार्यालयाचा परवाना आधी घ्यावा. निघालेली काळी माती फेकू नये. ज्याचं रान हलकं, बरड आहे तो ती आनंदाने नेईल. बदल्यात त्याने ट्रॅक्टरच्या चार खेपा दिल्या, तर गावाचा खर्च तेवढाच हलका होईल.

मुरूम एकदम ओतून वर रूळ फिरवला की झालं, असं समजू नये. सहा-सहा इंचांचे तीन थर द्यावेत. प्रत्येक थरावर पाणी शिंपडावं, मूठभर मुरूम दाबला की गोळा व्हावा पण तळहाताला चिकटू नये, इतकीच ओल ठेवावी आणि मग रूळ फिरवावा. नुसती वाळू किंवा मोठे दगड भरू नयेत. त्यांच्यातून पाणी सरळ खाली उतरतं आणि खड्ड्याचा हौद होतो. खड्ड्याच्या तळालाही मधून दोन्ही बाजूंना उतार द्यावा आणि भोवती दीड फूट खोल चर काढून तो ओढ्याकडे न्यावा. वर मधून कडेला शंभराला एक असा उतार पुरे, म्हणजे साडेसात मीटरला तीन इंच. नळ, हातपंप आणि मोठं झाड मैदानापासून लांब हवं. एका बाजूला पाणी मुरलं किंवा मुळांनी ओल ओढली, की माती एकीकडेच हलते.

काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण धरून राहणाऱ्या मातीचा थर दाबून दिला, तर खालच्या मातीचं फुगणं आवरतं, हे पवईच्या आयआयटीत डॉ. आर. के. कट्टी यांनी संशोधनातून दाखवलं. कालव्यांच्या अस्तरीकरणासाठी ही पद्धत वापरली गेली. पण दीड फूट थराने फुगणं पूर्ण थांबत नाही. मुरमाचं मैदान थोडं हललं तरी दिवाळीनंतर फावडं आणि रूळ फिरवून सरळ करता येतं. काँक्रीट तडकलं की फोडावंच लागतं. म्हणून सिमेंट हवंच असेल, तर मुरमावर एक पावसाळा जाऊ द्या, कुठे खचतं ते पाहा आणि थराची जाडी अभियंत्याकडून ठरवून घ्या. वस्तीवर घरामागे पोरांसाठी बॅडमिंटनची जागा करणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांना एकच विनंती आहे. खोदाई झाली की वर काही पडण्याआधी खड्ड्याचं माप गावासमोर घ्या आणि मोजमाप पुस्तिकेत लिहा. पुढे काँक्रीटखाली काय आहे, हे कुणालाच दिसत नाही. आणि ग्रामसभेत बसणाऱ्यांनी मैदान किती लाखांचं, हे विचारण्याआधी खाली किती खोदलं, हे विचारावं. शेतात आपण बी टाकण्याआधी माती पाहतो. पोरांच्या पायाखाली पैसा टाकतानाही तेवढं पाहायला काय हरकत आहे?