वही, पसारा आणि दारातली कुत्री



रुग्णाला घेऊन येणारे नातेवाईक पुष्कळदा औषधाबरोबर आमच्याकडून एक वाक्यही मागतात. "डॉक्टर, तुम्हीच सांगा हिला. आमचं ऐकत नाही, तुमचं ऐकेल." आणि आम्ही सांगतो. समोरच्या माणसाचं घर आपण पाहिलेलं नसतं, रात्र कशी जाते ते विचारलेलं नसतं, तरी सांगतो. आजचा लेख अशाच एका सल्ल्याबद्दल आहे. तो मी दिला होता आणि तो चुकला.

२०१९ च्या जानेवारीतली गोष्ट. आपल्या डहाणू-तलासरीकडच्या वाचकांना ते दिवस आठवत असतील. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के सुरू झाले होते. बहुतेक धक्के लहान, पण एका पाठोपाठ एक. जमिनीतून गडगड ऐकू यायची, पत्रे वाजायचे, भिंतींना तडे जायचे. ऐन थंडीत कितीतरी कुटुंबं लहान मुलांना घेऊन घराबाहेर झोपत होती. त्या दिवसांत दवाखान्यात जखमांपेक्षा न झोपलेले डोळेच जास्त यायचे.

तलासरी तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेला त्यांचा मुलगा घेऊन आला. बाईंचं वय अडुसष्ट, घरी एकट्या. झोप उडालेली, छातीत धडधड, रक्तदाब १७०/१००. मुलाची तक्रार वेगळीच होती. "घरात पाय ठेवायला जागा नाही, डॉक्टर. वह्या, कात्रणं, दोरे, बाटल्यांची झाकणं, चिकूच्या बिया. वर दोन कुत्री. दिवसभर वहीत काहीतरी चिकटवत बसते. हे सगळं काढून टाक आणि माझ्याकडे राहायला चल, एवढं सांगा."

मी सांगितलं. रक्तदाबाची गोळी लिहून दिली आणि म्हटलं, "बाई, पसारा काढा, कुत्री कोणाकडे तरी द्या. मन आपोआप शांत होईल."

तीन आठवड्यांनी बाई परत आल्या. पसारा भंगारवाल्याकडे गेला होता, काळू आणि राणी शेजारच्या पाड्यावर. वजन दोन किलोने कमी. गोळी नियमित घेत होत्या, तरी रक्तदाब फारसा उतरला नव्हता. मी विचारलं, झोप? त्या म्हणाल्या, "आधी हादरा बसला की कुत्री उठायची. मी त्यांना थोपटायचे, दिवा लावायचे, वही काढायचे. अर्ध्या तासात डोळा लागायचा. आता हादरा बसतो आणि मी नुसती छताकडे बघत बसते."

ज्यावर त्या तग धरून होत्या, तेच मी काढून घ्यायला लावलं होतं.

हाताला काम मिळालं की काय होतं?

भीती वाटली की शरीर पळण्याच्या तयारीला लागतं. अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं, कॉर्टिसॉल वाढतं, नाडी जलद होते. एका धक्क्यापुरतं हे ठीकच आहे, त्यानेच आपण दाराबाहेर पोहोचतो. पण धक्के महिनोन्‌महिने चालले, किंवा धक्का नसतानाही पुढचा कधी येईल याकडे कान लागून राहिला, की शरीर त्या तयारीतून बाहेरच येत नाही. झोप मोडते, पोट बिघडतं, रक्तदाब चढतो.

अशा वेळी "विचार करू नका" हा सल्ला कुचकामी असतो. विचार ठरवून थांबत नाही. मात्र हात आणि डोळे एका बारीक कामात गुंतले की लक्षाला बसायला दुसरी जागा मिळते. २०१६ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं कागद, रंग, माती दिली आणि हवं ते करायला सांगितलं. आधी आणि नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांत ते कमी झालेलं दिसलं. चित्रकला आधी येत होती की नव्हती, याने विशेष फरक पडला नाही. अभ्यास छोटा होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून त्याचा डंका पिटू नये. पण बाई रात्री दोन वाजता जे करत होत्या ते वेडेपण नव्हतं, एवढं म्हणायला तो पुरेसा आहे.

अशी वही ठेवणं म्हणजे आजच्या दिवसाचं एक पान. त्यात दोन ओळी, एक रेघोटी, बसचं तिकीट, वाळलेलं पान, उरलेल्या कापडाचा तुकडा, काहीही. ती कोणाला दाखवायची नसते, म्हणून ती चांगली असायची गरज नाही.

ही गोष्ट आपल्या मातीला नवी नाही

वारली घरात लग्नाच्या वेळी भिंतीवर देवचौक येतो. तो सुवासिनी काढतात, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, बांबूच्या काडीने. आणि तिथे चौक "काढला" असं म्हणत नाहीत, चौक "लिहिला" म्हणतात. चित्र काढणं आणि लिहिणं एकच, हे या भागाला कोणी शिकवायची गरज नाही.

पद्मश्री जिव्या सोमा म्हसे यांचं नाव तुम्हाला माहीत आहेच. जन्म १९३४, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. पुढे आयुष्य गेलं डहाणू तालुक्यात, गंजाडच्या कळंबीपाड्यावर. लहानपणी आई गेली आणि त्या धक्क्याने मुलाचं बोलणं थांबलं. कितीतरी काळ तो फक्त मातीत रेघा ओढून आपलं म्हणणं सांगत होता. पुढे १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले, भिंतीवरची चित्रं कागदावर यायला लागली आणि त्या मुलाच्या रेघा जगभर गेल्या. २०११ साली पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी ते गेले.

लोक या गोष्टीतली पद्मश्री लक्षात ठेवतात. डॉक्टर म्हणून मला त्यातला मातीत रेघा ओढणारा मुलगा महत्त्वाचा वाटतो. तोंडाने सांगता येत नव्हतं ते त्याने हाताने सांगितलं, आणि त्याच्या हातातली काडी कोणी काढून घेतली नाही.

आणि कुत्री?

एकटं राहणाऱ्या माणसाला कुत्रा काय देतो? पहाटे उठायचं कारण देतो. त्याला खायला घालायचं म्हणून माणूस स्वतःही जेवतो. त्याला फिरवायचं म्हणून चार पावलं चालतो. २०१५ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आईला बाळाविषयी माया वाटते तिच्याशी याच द्रव्याचा संबंध आहे.

त्या काळात मला सतत विचारलं जायचं, "कुत्री रडली की भूकंप येतो का?" धक्क्याच्या आधी जमिनीतून एक जलद, हलकी लहर येते. ती कुत्र्यांना जाणवू शकते, म्हणून ती काही सेकंद आधी उठतात. पण उद्या किंवा परवा भूकंप होणार आहे हे कुत्र्यालाही कळत नाही आणि माणसालाही. रात्रभर कुत्र्याच्या तोंडाकडे बघत जागू नका.

मात्र मायेपोटी एक गोष्ट विसरून चालणार नाही, ती म्हणजे रेबीज. माणसाला होणाऱ्या रेबीजचं कारण जवळजवळ नेहमी कुत्राच असतो, आणि लक्षणं दिसू लागल्यावर हा आजार बरा होत नाही. म्हणून:

• कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस द्या, पुढे पशुवैद्यक सांगतील तेव्हा, सहसा दरवर्षी. कार्ड जपून ठेवा. जंताचं औषध आणि गोचिडांचा बंदोबस्त करायला विसरू नका.

• चावा बसला किंवा ओरखडा उठला तर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. आता इंजेक्शनं दंडात देतात, पोटात चौदा घ्यायचे दिवस गेले. जखम खोल असेल तर जखमेत वेगळं सीरमही द्यावं लागतं.

• कात्रीने बोट कापलंय आणि कुत्रा ते चाटतोय, हे हस्तकला करणाऱ्या घरात हमखास होतं. उघड्या जखमेवर लाळ लागणं हेसुद्धा चावण्याइतकंच गंभीर धरतात. धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

पसारा आजार कधी असतो?

वस्तू साठवण्याचा एक खरा मानसिक आजार आहे. २०१३ पासून तो स्वतंत्र आजार म्हणून ओळखला जातो. पण त्याची खूण "खूप वस्तू" ही नाही. स्वतःला तीन प्रश्न विचारा. निरुपयोगी वस्तूही टाकताना असह्य त्रास होतो का? वस्तूंमुळे चुलीपाशी स्वयंपाक करता येत नाही, खाटेवर झोपता येत नाही, असं झालंय का? यामुळे माणसं घरी यायची थांबली आहेत किंवा जिवाला धोका आहे का? उत्तरं "हो" असतील तर मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्या. परस्पर ट्रक बोलावून घर रिकामं करू नका, त्याने त्रास वाढतो. उत्तरं "नाही" असतील तर तो साधा पसारा आहे. शिंप्याकडे चिंध्या असतात, सुताराकडे भुसा असतो, तसा.

पण साध्या पसाऱ्यालाही जागा हवी. त्यातही आपल्या भागात जास्त. १ फेब्रुवारी २०१९ च्या धक्क्यांच्या वेळी घराबाहेर धावताना पडून एका चिमुकलीचा जीव गेला. धक्क्यात माणूस जमिनीच्या हलण्यानेच जखमी होतो असं नाही, धावताना अडखळून आणि वरून पडलेल्या वस्तूंनीही होतो. म्हणून बाईंना मी दुसऱ्यांदा जे सांगितलं ते असं:

खाटेपासून दारापर्यंतची वाट पूर्ण मोकळी. फळीवर आणि माळ्यावर जड काही नाही, वह्यांचे गठ्ठे खाली, भिंतीलगत. डोक्याच्या वर काहीही टांगायचं नाही. उशाशी बॅटरी आणि चपला, दारापाशी कुत्र्यांचे पट्टे.

कागद आणि चिंध्या झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून वर. उघड्या ढिगात उंदीर येतात, उंदरांमागे साप येतो, आणि विंचवाला तर वाळक्या अडगळीसारखी जागा नाही. जमिनीवर झोपत असाल तर हे अधिकच पाळा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा.

सुया आणि दोरे काम संपलं की बंद. कुत्र्याने दोरा गिळला तर आतडी अडकतात. चिकूची बी सुंदर दिसते, पण तिच्या टोकाला आकडा असतो. लहान मुलाच्या घशात ती अडकू शकते. नातवंडं यायची असतील तेव्हा बरणी वरच्या कपाटात.

यात कुठेही "टाकून द्या" नाही, हे लक्षात आलं असेल.

मला एवढंच म्हणायचं आहे

घरातल्या म्हाताऱ्या माणसाची एखादी सवय आपल्याला अडचणीची वाटते तेव्हा आपण आधी ती काढायला बघतो आणि मग विचारतो, ती कशासाठी होती. हा क्रम उलटा हवा. आधी विचारा. "आई, हे रोज का करतेस?" एवढा प्रश्न मुलाने विचारला नव्हता आणि मीही विचारला नव्हता. मुलगा वाईट नव्हता. दूर असलेल्या आईच्या काळजीने त्याचीही झोप उडाली होती, आणि काळजीला करण्यासारखं काही सापडलं नाही की ती घर आवरायला निघते.

काळू आणि राणी परत आली. वह्या परत आल्या नाहीत. तीस वर्षांच्या वह्या होत्या त्या. उशीखाली दडवलेली एकच वाचली. बाईंची रक्तदाबाची गोळी आजही चालू आहे, वहीने ती सुटली नाही आणि सुटावी अशी अपेक्षाही नाही. तुम्हीही वही सुरू केली म्हणून कोणतीही गोळी परस्पर बंद करू नका. बाईंची झोप मात्र सुधारली. धक्के पुढेही येत राहिले.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर शंभर पानी शाळेची वही पुरे. रोज दहा मिनिटं, मोबाइल दूर ठेवून. पण उदासी, रडू, झोप न लागणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर वहीवर थांबू नका. डॉक्टरांकडे या, किंवा टेली-मानस या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

आणि आई-वडिलांना दवाखान्यात घेऊन याल तेव्हा माझ्याकडून ते एक वाक्य मागू नका. त्यांची वही सोबत आणा. त्यांना चालत असेल, तर आपण ती मिळून बघू.