शेतातली तार

मंडळी, मी जन्मभर मराठी शिकवलेला बीए मास्तर. रेडिओलहरींवर मी लिहिणं म्हणजे जरा आगाऊपणाच! पण महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नाही.

बारामतीला २०२४ पासून उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग चाललेत, ते वाचून पुतण्याने मातीची ओल मोजणारी यंत्रं आणली. प्रत्येकात सिमकार्ड. आमचं शेत ओढ्याकाठी खोलगटात, तिथं फोन करायलासुद्धा बांधावर चढावं लागतं. यंत्रं मुकीच राहिली. पैसे गेले, आणि वीज रात्रीची असली की टॉर्च घेऊन, गव्यांना भीत भीत पाणी बघायला जाणं काही सुटलं नाही.

आता तो 'लोरा' घ्यायचं म्हणतोय. या वेळी मीही वाचलं. यात सिमकार्ड नाही, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात परवानाही लागत नाही. वायफाय भराभर बोलतं, पण अंगणापलीकडे फारसं पोचत नाही. लोरा सावकाश बोलतो, म्हणून काही किलोमीटर ऐकू येतो. शेवटच्या बाकासाठी आम्ही ओरडत नसू, शब्द तोडून बोलत असू, तसंच. फोटो पाठवायला निरुपयोगी. पण मातीला सांगायचं असतं काय? 'ओल इतकी, बॅटरी इतकी.' २०१३ साली बंद झालेली तार आठवा! एवढं सांगून यंत्र झोपी जातं, म्हणून बॅटरीही वर्षानुवर्षं टिकते.

विक्रेत्याच्या कागदावर मात्र 'पंधरा किलोमीटर' छापलंय. असेल, सपाट माळावर! आमच्या चंदगडात मध्ये टेकडी, काजूची दाट झाडं, आणि उंच वाढलेला ऊस म्हणजे पाण्याची भिंतच. माझं मत असं, की आधी एकच जोडी आणावी. ऐकणारं यंत्र आमच्या गच्चीवर, टाकीच्याही वर. शेतातल्या यंत्राची अँटेना उसाच्या शेंड्यांवर. मग शेताच्या चारी कोपऱ्यांत फिरून दहातले किती निरोप पोचतात ते वहीत लिहावं. तेही ऊस उभा असताना, तोडणीनंतर नव्हे. बाकीची खरेदी त्यानंतर.

आणखी एक. महाग असतं ते ऐकणारं यंत्र, पण ते एकच असलं तरी आसपासच्या सगळ्या शेतांचं ऐकू शकतं. मग शेजारच्या तिघांनी मिळून का घेऊ नये?

पुतण्या हसला. "काका, बांधावरून भावकीत बोलणं बंद आहे, आणि तुम्ही लहरी वाटून घ्यायला सांगताय!"

असो. उद्या सकाळी मी त्यांच्याकडे चहाला जाणार आहे.