नाव न कळणारी आई
दिवस भरायच्या आत बाळ आलं की घरच्यांचा मुक्काम नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, म्हणजे एनआयसीयूच्या दाराबाहेर पडतो. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणारे तेव्हा पुष्कळ भेटतात. पण न विचारता डबा आणून ठेवणारी शेजारीण, थोरल्याला शाळेतून आणणारा मित्र आणि ‘आज वीस ग्रॅम वाढलं हो’ असं आपणहून सांगणारी रात्रपाळीची सिस्टर यांचे उपकार जन्मभर लक्षात राहतात. त्यांचे आभार मानता तरी येतात. पण जिचं दूध नळीतून थेंबथेंब बाळाच्या पोटात जातं, त्या परक्या आईचं काय? मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली असं दान केलेलं दूध साठवणारी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. अशा पेढीत देणाऱ्या आईची तपासणी होते, दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवून, गार करून गोठवतात. स्वतःच्या आईला पुरेसं दूध येईपर्यंत पेटीतल्या बाळाला त्याचाच आधार. देणारीचं नाव मात्र घेणाऱ्याला कळत नाही, त्यामुळे तिच्या घरी पेढे न्यायची सोय नाही. हे ऋण फेडायचं तर पुढच्याला देऊनच. बाळाला पाजून दूध उरत असेल, तर जवळच्या पेढीत चौकशी करावी.